लेण्यांची चित्रे आणि आपल्या पेटीतले फोटो

(विहाराच्या वर्धापनदिनी आटगाव येथे केलेले भाषण)



समितीने मला लेण्यांची चित्रे आणि मोबाईल या विषयावर बोलायला सांगितले. मी काही प्राध्यापक नाही. शाळा नववीत सुटली आणि गेली तीस वर्षे सूतगिरणीत रिंगखात्यात उभा आहे. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. चूकभूल पदरात घ्यावी.

तरुणपणी आम्ही इथून अजिंठ्याला गेलो होतो. एक नंबरच्या लेण्यात शिरलो तर आत अंधार, मागून लोकांचा रेटा. पद्मपाणीच्या चित्रासमोर धड दोन मिनिटे मिळाली नाहीत. घरी आल्यावर आईने विचारले, "काय बघितलंस रे?" मला नीट सांगता आले नाही. मागच्या वर्षी आपल्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीने तेच चित्र मोबाईलवर उघडले, दोन बोटांनी मोठे केले आणि म्हणाली, "काका, हातातलं कमळ बघा. मुकुटावरची नक्षी बघा." मित्रहो, जे प्रत्यक्ष जाऊन दिसले नव्हते, ते मला त्या दिवशी दिसले.

ही चित्रे आपल्या हातापर्यंत सहज आलेली नाहीत. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांत पोहोचला. दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली, ती अजून तिथे आहे. पुढे १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने तिथे राहून वर्षानुवर्षे भिंतीवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती रंगवल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ साली तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळ्या जळाल्या. आपल्या आटगाववरून जी रेल्वे जाते तीच पुढे भुसावळला जाते. या गिलची कबर तिथे आहे.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले. १८७२ ते १८८५ हे काम चालले. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलेच एक विद्यार्थी. सुमारे ३०० प्रती तयार झाल्या, त्याही लंडनला गेल्या. १८८५ साली तिथेही आग लागली आणि शंभरावर प्रती गेल्या. शिवाय चित्रे उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश चढवले होते, ते पुढे पिवळे पडले. म्हणजे प्रत जळाली आणि मूळ चित्रालाही इजा झाली. आगीतून ज्या प्रती वाचल्या, त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने आता आपल्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच मुंबईच्या पोरांनी केलेले काम आज आटगावात बसून फुकट बघता येते.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे कला आणि पुरातत्त्व केंद्र १९६५ साली वाराणसीत सुरू झाले, ते आता गुरुग्रामला आहे. भारतभरची लेणी, मंदिरे, मूर्ती यांचे फोटो त्यांनी काढले आणि प्रत्येक फोटोची नोंद ठेवली.

आता कुणी म्हणेल, गुगलवर फोटो मिळतातच की, मग या संग्रहाचे काय एवढे? फरक नोंदीचा आहे. आमच्या गिरणीत सुताच्या कोनावर काउंट आणि लॉट नंबर नसला, तर तो माल कितीही चांगला असो, कोणी हात लावत नाही. कारण दोन लॉटचे सूत मिसळले, तर रंगवल्यावर कापडावर पट्टे उमटतात. फोटोचे तसेच आहे. कुठले लेणे, कितवा क्रमांक, कोणत्या काळातले, फोटो कोणी काढला, कधी काढला, एवढे त्याच्यासोबत पाहिजे. हे नसेल तर खोटे शिरते. व्हॉट्सअपवर पद्मपाणीचे चित्र "भगवान बुद्ध" म्हणून फिरते. अरे बाबांनो, डोक्यावर मुकुट, गळ्यात मोत्यांची माळ, हातात कमळ. तो बोधिसत्त्व आहे. बुद्धाच्या अंगावर चीवर असते, दागिने नसतात. आपणच आपले चित्र चुकीच्या नावाने पुढे पाठवतो, आणि उद्या दुसऱ्याने आपल्या लेण्याला भलतेच नाव दिले की चिडतो. चिडण्याचा अधिकार आधी कमवावा लागतो.

मुलांना शिकवायची एक सोपी रीत सांगतो. दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवा. अजिंठ्याच्या दहा नंबरच्या चैत्यगृहातला स्तूप आणि सव्वीस नंबरमधला स्तूप. पहिला ख्रिस्तपूर्व काळातला, त्यावर मूर्ती नाही, नुसता गोल घुमट. दुसरा पाचव्या शतकातला, त्याच्या दर्शनी भागावर पाय सोडून बसलेले बुद्ध कोरले आहेत. मुलांना विचारा, काय बदलले? का बदलले असेल? उत्तर लगेच सांगू नका. मग एखाद्या रविवारी त्यांना कान्हेरीला न्या आणि तिथल्या मोठ्या चैत्यगृहातला स्तूप प्रत्यक्ष दाखवा. चित्र बघून गेलेले पोर तिथे नुसती सेल्फी काढून परत येणार नाही.

प्रतीचे मोल काय असते ते बामियानने दाखवले. २००१ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानातल्या त्या भव्य बुद्धमूर्ती सुरुंगाने उडवल्या. त्यानंतर झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी १९७० साली काढलेल्या फोटोंवरून मोठ्या मूर्तीचा आकार संगणकावर पुन्हा उभा केला. मूर्ती परत आली नाही, पण ती कशी होती हे आता कोणी पुसू शकत नाही. मात्र संगणकात ठेवले म्हणजे कायमचे राहिले, असेही समजू नका. २०२३ साली ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या कितीतरी गोष्टी महिनोन्महिने संकेतस्थळावर दिसेनाशा झाल्या. तेव्हा प्रत एक ठेवू नये, एका जागीही ठेवू नये.

आता घरचे सांगतो. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो आहे. आपला जुना विहार, कुडाच्या भिंती, वर कौले, आणि पुढे उभी असलेली बावीस माणसे. मागे पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे, "विहार, आटगाव". त्यातले सहा जण मी ओळखतो. माझी आत्या बावीसही ओळखायची. कोण कुठल्या पाड्यावरचा, कोणी दगड वाहिले, कोणी कौले दिली, सगळे तिच्या तोंडावर. येत्या रविवारी वही घेऊन बसू, असे मी दोन वर्षे म्हणत राहिलो. ओव्हरटाईम होता, मोर्चा होता, कुणाचे लग्न होते. गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. सोळा माणसे त्या फोटोत उभी आहेत आणि त्यांना नाव नाही. यात लंडनच्या आगीचा दोष नाही. दोष माझा आहे.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एकच विनंती आहे. घरोघरच्या पेट्या उघडा. दीक्षेचे, जयंतीचे, मोर्चाचे, लग्नाचे, जसे असतील तसे फोटो विहारात आणा. आपली मुले त्यांच्या प्रती करतील आणि मूळ फोटो त्याच दिवशी तुमच्या हातात परत देतील. प्रत्येक फोटोची वहीत नोंद होईल: डावीकडून उजवीकडे कोण, जागा कुठली, साल कोणते, फोटो कोणाच्या घरचा, नावे कोणी सांगितली. साल नक्की नसेल तर "अंदाजे" असे लिहा, मनचे घालू नका. एक प्रत विहाराच्या संगणकात, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्याच्या घरी, आणि वही कपाटात. खर्च चहाचा.

पण सुरुवात फोटोंपासून करू नका, म्हाताऱ्या माणसांपासून करा. फोटो अजून दहा वर्षे पेटीत राहील. नाव सांगणारी आजी राहील का?

माझा बावीस जणांचा फोटो मी आज बरोबर आणला आहे. कार्यक्रम संपल्यावर तो या टेबलावर असेल. ज्याला कोणी ओळखू येईल त्याने कृपा करून थांबावे. वही उघडी आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.