मंजुरी ५ मजल्यांची, इमारत २० मजल्यांची

मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८० च्या दशकात ५ मजल्यांची मंजुरी असताना एक इमारत २० मजल्यांपर्यंत चढली. हे मजले काही एका रात्रीत उगवले नव्हते! महापालिकेने काम थांबविण्याची नोटीस दिली, बांधकाम मात्र थांबले नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजले पाडण्यावर शिक्कामोर्तब केले. नफा बिल्डरच्या पदरात पडला, बेघर होण्याची पाळी रहिवाशांवर आली. वास्तविक मंजूर नकाशात खरेदीदारांच्या संमतीविना बदल करण्यास महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानेच मनाई केली होती. २०१६ च्या रेरा कायद्याने दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती आवश्यक ठरविली. कायदे आहेत, त्यांना जागे ठेवणारी संघटना हवी. पहिला हप्ता देण्यापूर्वी सर्वांनी मिळून मंजूर नकाशा मागणे, हीच त्या लढ्याची सुरुवात होय.