झाकण लावण्याआधी खूण बघा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

गटाची पिठाची गिरणी असेल, विहिरीवरचा पंप असेल, नाहीतर मळणीयंत्र असेल. बऱ्याच ठिकाणी त्याच्या मागे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. ते बिघडलं की मिस्त्री येतो, उघडतो, जोडतो, पैसे घेतो आणि जातो. मग दोन दिवसांनी इंजिन ठोकायला लागतं, किंवा धूर ओकतं. मिस्त्री सांगतो, "टायमिंग गेलंय." हे टायमिंग म्हणजे काय आणि ते गेलंय की नाही हे आपल्याला कसं कळेल, ते आज सांगते.

दोघी जणी एकाच उखळात कांडतात तेव्हा काय करतात? एकीचं मुसळ वर, तर दुसरीचं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं. इंजिनाच्या आतही असंच आहे. पिस्टन वर-खाली होतो. हवा आत घ्यायला एक व्हॉल्व आणि धूर बाहेर सोडायला दुसरा व्हॉल्व, हे ठरल्या वेळी उघडतात आणि मिटतात. पिस्टन वर येताना हवा दाबली जाऊन खूप तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा बसला की ते आपोआप पेटतं. या सगळ्यांचा ताल म्हणजे टायमिंग.

पिस्टनला जोडलेल्या दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा दुप्पट दाते असतात. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात डिझेलचा फवारा सेकंदाला साडेबारा वेळा सुटतो. एवढ्या घाईत ताल राखायचा, तर दाते बरोबर बसायला हवेत. म्हणून कारखान्यातच दोन्ही गिअरवर खुणा करतात. एकावर ठिपका किंवा रेघ, दुसऱ्यावर तिची जोडीदार. दोन्ही समोरासमोर आल्या की बसवणी बरोबर.

एक दाता चुकला तर काय होतं? समजा क्रँकच्या गिअरला ३० दाते आहेत. पूर्ण फेरा ३६० अंशांचा, म्हणजे एक दाता १२ अंशांचा झाला. डिझेलची वेळ जुळवताना मिस्त्री एकदोन अंशांसाठी धडपडतो, तिथे १२ अंश म्हणजे सगळाच बेताल. काही इंजिनांत तर व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतो. मग दुरुस्तीचा खर्च गटाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीवर येतो.

पण लक्षात ठेवा, गिअरचं टायमिंग रात्रीतून आपोआप सरकत नाही. ते बहुधा कुणी गिअरचं झाकण उघडल्यावर किंवा डिझेलचा पंप काढून बसवल्यावरच चुकतं. म्हणून इंजिन उघडलेलं नसताना धूर किंवा ताकद कमी झाली, तर आधी स्वस्तातल्या गोष्टी बघा: एअर फिल्टर तुंबलाय का, डिझेलमध्ये पाणी किंवा हवा शिरलीय का, नोझल खराब झालंय का. आणि दुरुस्तीनंतर लगेच बिघाड दिसला, तर टायमिंगचा संशय धरा.

डिझेल लवकर सुटलं तर हातोडी मारल्यासारखा कडक ठोका येतो, आणि हँडल मारताना ते उलटा झटका देतं. मनगट मोडू शकतं, म्हणून असं झालं तर हट्टाने पुन्हा पुन्हा हँडल मारू नका. डिझेल उशिरा सुटलं तर ताकद कमी पडते, धूर वाढतो, धुराड्याचा पाइप नेहमीपेक्षा जास्त तापतो.

आता मिस्त्री इंजिन उघडेल तेव्हा तुम्ही काय करायचं? गिअर काढण्याआधी खुणा कुठे आहेत ते दाखवायला सांगा. पुसट असतील तर तेल पुसून त्यावर नखांचं पॉलिश लावा. खुणा उठून दिसतात. गिअर पुन्हा बसले, की झाकण लावण्याआधी स्वतः वाकून बघा. दोनच गिअर एकमेकांत बसत असतील, तर क्रँकचे दोन फेरे हाताने दिल्यावर खुणा पुन्हा समोरासमोर यायलाच हव्यात. मधे तिसरा गिअर असेल तर मात्र त्या लगेच जुळत नाहीत, बरेच फेरे लागतात. तेव्हा घाबरू नका. बसवताना जुळलेल्या होत्या एवढं पुरे. हाताने फिरवताना कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं.

दुसरी खूण फ्लायव्हीलवर असते. पिस्टन अगदी वर येण्याच्या जागी रेघ असते, तिच्याजवळ बहुधा टीडीसी किंवा टीसी अशी अक्षरं असतात. ही रेघ दोन फेऱ्यांत दोनदा काट्यासमोर येते: एकदा हवा दाबून झाल्यावर, एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. आपल्याला पहिली वेळ हवी. तेव्हा दोन्ही व्हॉल्व बंद असतात, आणि वरचे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात.

डिझेल या रेघेच्या थोडं आधी सुटायला हवं. किती अंश आधी, ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अंश मोजायला आपली शिवणाची टेप चालते. फ्लायव्हीलचा घेर मोजा. समजा १८० सेंटिमीटर भरला, तर एक अंश म्हणजे अर्धा सेंटिमीटर. पुस्तिकेत २० अंश असतील, तर रेघेपासून १० सेंटिमीटरवर खडूने खूण करा. चाक फिरताना जी बाजू काट्यासमोर आधी येते, त्या बाजूला. मग मिस्त्री पंपाची नळी सोडून चाक हळूहळू हाताने फिरवतो. पंपाच्या तोंडातलं डिझेल हलून वर येऊ लागलं, की थांबायचं. तेव्हा खडूची खूण काट्यासमोर हवी. नसेल, तर पंपाच्या बुडाशी असलेल्या पातळ चकत्या कमीजास्त करतात. त्यांना शिम म्हणतात. चकती वाढवली की डिझेल उशिरा सुटतं, काढली की लवकर. म्हणून पंप काढला की जुन्या चकत्या मोजून ठेवायला सांगा.

हे सगळं इंजिन पूर्ण बंद आणि गार असताना. पदर खोचलेला, ओढणी काढलेली, वेणी बांधलेली, बांगड्या उतरवलेल्या. चालू इंजिनाच्या नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. तो कातडीत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा. आणि बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही, धूर जिवावर बेतू शकतो.

शेवटी, गटाच्या वहीत एक पान इंजिनासाठी ठेवा. तारीख, काय उघडलं, किती चकत्या होत्या, किती अंशांवर बसवलं, किती पैसे दिले. पुढच्या वेळी मिस्त्री दुसरा आला तरी अडणार नाही. चांगल्या मिस्त्रीला आपण शेजारी उभं राहून विचारलं तर राग येत नाही. पाना त्याच्या हातात असला तरी इंजिन आपलं आहे. झाकण लागण्याआधी, "दादा, खूण दाखवा," एवढं म्हणायला लाजू नका.