मूट

कायद्याच्या कॉलेजातलं एखादं पोर दोन दिवस धड जेवलं नाही आणि घरच्यांनी विचारलं, की उत्तर येतं, "उद्या मूट आहे!" काळा कोट मित्राचा, न्यायाधीशाच्या खुर्चीत सर, पक्षकार कागदावरचे. घसा कोरडा पडतो तेवढा खरा.

हा 'मूट' शब्द हजार वर्षांहून जुना. जुन्या इंग्रजीत 'गेमोट' म्हणजे लोकांनी जमणं. आजचं 'मीट' त्याच्याच भावकीतलं. दहाव्या शतकातल्या इंग्लंडात 'हंड्रेड' नावाच्या परगण्याची मूट दर चार आठवड्यांनी भरायची. कुठे टेकाडावर, कुठे मोठ्या झाडाखाली, कुठे नदीच्या उतारापाशी. गुरं चोरीला गेली, चला मूटला. आपली चावडीच म्हणा, बिनछपराची.

छप्पर मागाहून आलं. सफोकच्या किनाऱ्यावर ऑल्डबरो गावात सोळाव्या शतकातला, लाकडी सांगाड्याचा मूट हॉल आजही उभा आहे. बांधला तेव्हा तो गावाच्या मध्यात होता. पुढचं गाव समुद्राने खाल्लं. आता समोर नुसते किनाऱ्यावरचे गोटे आणि लाटा.

लंडनच्या 'इन्स ऑफ कोर्ट'मध्ये शिकाऊ वकील जुन्याजाणत्यांसमोर कल्पित खटले लढवत, तीही मूटच. आणि दोन्ही अंगांनी भांडता येईल असा मुद्दा तो 'मूट पॉइंट'. पण लुटुपुटीच्या भांडणात कुणाचं शेत जात नाही की येत नाही. अमेरिकेने नेमकं तेच धरलं. तिथे मूट म्हणजे, आता भांडून काय उपयोग! आपल्या कोर्टांत अशा प्रकरणाला वकील 'इन्फ्रक्च्युअस झालं' म्हणतात. त्यापेक्षा मूट म्हणायला सोपं, एवढं मान्य करायला हवं.

अमेरिकेतलाच एक खटला पाहा. मार्को डिफ्युनिस या तरुणाला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलने प्रवेश नाकारला. तो कोर्टात गेला, कोर्टाच्या हुकमाने वर्गात बसला. वरच्या कोर्टांत वाद चालूच. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा गडी शेवटच्या सत्रात होता. पदवी मिळणारच, मग ठरवायचं काय? खटला मूट!

हा निकाल झाला 5 विरुद्ध 4 मतांनी. खटला मूट आहे की नाही, हाच तिथे मूट पॉइंट होऊन बसला होता.