विखुरलेला पीएफ एका खात्यात

नोकरी बदलली की भविष्यनिर्वाह निधीचे नवे खाते उघडते आणि जुने मागे राहते. 2014पासून प्रत्येक सदस्याला यूएएन हा बारा अंकी क्रमांक मिळतो. तो आयुष्यभर एकच असतो, पण त्याखाली प्रत्येक मालकाकडचे खाते वेगळे असते. जुनी रक्कम नव्या खात्यात आणणे म्हणजेच हस्तांतर.

बहुतेक अर्ज अडतात ते क्षुल्लक तफावतीवर: आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि पीएफच्या नोंदीत नुसती आद्याक्षरे, किंवा जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही. म्हणून आधी नाव, जन्मतारीख, बँक खाते जुळवावे. यूएएनच्या आधीच्या नोकरीसाठी जुन्या पगारपत्रकावरचा पीएफ क्रमांक लागतो. तो कागद जपलेलाच बरा.

हस्तांतरात खरे मोल जोडल्या जाणाऱ्या सेवाकाळाचे आहे. पीएफसोबतच्या निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची सेवा लागते. एकीकडे सहा आणि दुसरीकडे चार वर्षे झालेल्या कामगाराची सेवा जोडली, तर 58व्या वर्षी त्याला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. पहिल्या नोकरीनंतर निवृत्तिवेतनाचे पैसे काढून घेतले असतील, तर ती सहा वर्षे हिशेबातून जातात. हस्तांतरानंतर पासबुकात जुनी शिल्लक उतरली का, हे तपासावे आणि वारसाची नोंदही तेव्हाच करावी.