तारप्याचा फेर आणि चक्रीवादळ



भंडारदऱ्याच्या मुलांसाठी आपण रंगपेट्या पाठवल्या होत्या. खरे सांगते, पहिल्या दिवशी त्या उघडल्याच नाहीत. मुलांनी गेरू आणि तांदळाचे पीठ मागितले.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागच्या दक्षिणेला आले, ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने. तिथून ते पुणे-नाशिककडे सरकले. आपण समुद्रापासून दूर, मध्ये सह्याद्री उभा. तरी वाडीतले पत्रे उडाले. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात तर हिरड्याची झाडे मोडून वर्षाची मिळकत गेली. शाळा बंदच होत्या. उघडीप मिळाली तशी आम्ही मुलांना ओट्यावर जमवले.

वारली चित्र मूळचे पालघरकडचे, पण मुलांना पुस्तकातून ठाऊक होते. तारपा वाजवणारा मध्ये आणि भोवती नाचणाऱ्यांचा गुंडाळत गेलेला फेर. मी म्हटले, हेच वादळ. समुद्राचे पाणी साधारण 26-27 अंशांहून तापले की ओली हवा वर चढते, तिचे ढग होताना उष्णता सुटते, हवा आणखी जोराने वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो, म्हणून चहूकडून वारा आत धावतो. नाचणारे म्हणजे वारा. वादकाच्या जागी शांत डोळा.

मी बाण काढला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. मोबाईलवर उपग्रहाची फिरती चित्रे पाहून एक पोरगा म्हणाला, "बाई, ते उलटं फिरतंय." बरोबर होते त्याचे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात ते काट्यांच्या उलटेच फिरते. मी बाण पुसला.

जमिनीवर आल्यावर गरम पाणी मिळत नाही आणि वादळाचा जोर ओसरतो, असे मी सांगत होते. तेव्हा चौथीतली एक ठाकर मुलगी म्हणाली, "मग आमचा पत्रा कसा उडाला? वरचा दगड आजीच्या उशाशी पडला."

तिच्या चित्रात आजी होती, दगडही होता. मी कागदाची पट्टी तिच्या ओठांशी धरली आणि वरून फुंकर मारायला सांगितले. लोंबणारी पट्टी वर उचलली गेली. छपरावरून वारा वेगाने गेला की वरचा दाब घटतो. वळचणीतून शिरलेला वारा खालून रेटतो. पत्रा असा वर खेचला जातो आणि दगड घरात येतो. ओसरलेल्या वाऱ्यालाही एवढे जमते. पत्रा वाशाला हुकाने आवळलेला हवा.

दुसऱ्या चित्रात तिने छपराच्या कडेने बारीक हुक काढले. आजी मात्र सगळ्या घराएवढी.

तिच्या वडिलांनी ते चित्र पाहिले. राजूरच्या बाजारातून हुक आणले, पत्रे आवळले, मग दगड उतरवले. शेजारच्या दोन घरांवर दगड अजून आहेत.