पाय का थांबत नाहीत?

थट्टेत आपण एखाद्याला सहज ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवतो. आमची रत्नागिरीही त्यातून सुटलेली नाही. १८८६ सालापासून इथे मनोरुग्णालय आहे. पण उपचार घेऊन घरी परतलेल्या माणसाचं पुढे कसं चाललंय, याची चौकशी फारसं कोणी करत नाही.

मांडवीत आमच्या शेजारी एक तरुण आहे. त्याला स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या, कानातले आवाज थांबले. पण पाय थांबेनात. ओटीवर बसायचा, लगेच उठायचा, जेटीपर्यंत जाऊन परत यायचा. जेवताना हात कापायचा. चेहरा लाकडासारखा. लोक म्हणाले, वेड वाढलं. आई मला म्हणाली, “भाई, मी गोळ्याच बंद करते आता.”

पॅरिसच्या डॉक्टरांनी १९५२ साली क्लोरप्रोमाझिन वापरलं, तेव्हापासून या आजाराला औषध मिळालं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतात. त्यामुळे भास ओसरतात. पण हालचालींवरही डोपामिनचाच ताबा. म्हणून कुणाला कंप, कुणाला ताठरपणा, कुणाच्या पायांना तगमग. फार दिवस औषध घेतल्यावर काहींचे ओठ, जीभ आपोआप हलू लागतात. डॉक्टरांना सांगितलं, तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. परस्पर गोळ्या थांबवल्या, तर आजार उलटण्याची भीती मोठी. त्या माउलीने डॉक्टर गाठले. औषध बदललं, पाय निवले.

राहिली विचारांची संथ गती. लक्ष टिकत नाही, ऐकलेलं मनात राहत नाही. हा आजाराचाच भाग. आवाज गेले तरी तो उरतो. त्यात कंपावर देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळीनेही स्मरण मंदावू शकतं. ‘मासळी आण, दळण टाक, विजेचं बिल भर’ असं एका दमात सांगितलं, की तो एकच काम करून येई आणि आळशी ठरे. आता आई चिठ्ठी लिहून देते. एक प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. उत्तर येतं, उशिरा पण नेमकं येतं.

मी शब्दांत वावरणारा माणूस. ‘वेडा’ म्हणू नये, हे आपल्याला हळूहळू कळू लागलंय. अशा माणसाला ‘आळशी’ही म्हणू नये, एवढं सांगायला आज आलो. आणि पुढच्या तपासणीला जाताना हात, पाय, झोप, विसर, जे दिसलं ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना त्याची फार मदत होते.