रिकाम्या संगणकाला आभाळाचं काम

आम्ही शीवच्या बचत गटातून बोलतोय. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो प्रयोगशाळा होतेय: ४-४ किलोमीटरच्या दोन नळ्या, ताऱ्यांमुळे उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायला. अमेरिकेत अशी यंत्रं आहेतच. त्यांची माहिती पोत्यांनी साठते. पोतंभर तांदूळ दहाजणी सुपात वाटून घेऊन निवडतात ना, तसंच ‘आइन्स्टाईन ॲट होम’ २००५ पासून ती माहिती घरोघरच्या रिकाम्या संगणकांना वाटतं. २०१० मध्ये दुर्बिणीच्या माहितीतून या घरगुती संगणकांना नवा तारा सापडला! लहर मात्र त्यांना अजून गवसलेली नाही. काम फुकटचं, पण वीज आपली जळते. आमच्यात वाद त्यावरच झाला. वर्गणीला हात लावायचा नाही, असं ठरलं. ज्यांना हौस आहे त्या पाचजणी वाढीव बिल भरतील, महिनाभर बघू.